प्रवरेचा आराखडा

पर्यटन विकास आराखडे मी हौसेने वाचतो. लोक कादंबऱ्या वाचतात, रेल्वेची वेळापत्रके वाचत बसणारेही एक-दोघे माझ्या ओळखीत आहेत. माझे हे असे. नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला या वाचनाची वाण पडत नाही. कधी एखाद्या देवस्थानाचा, कधी तालुक्याचा, कधी अख्ख्या जिल्ह्याचा आराखडा निघतच असतो. आत रकाने असतात: अनुक्रमांक, स्थळाचे नाव, तालुका, वर्ग, प्रस्तावित कामे, अंदाजित खर्च. त्यातला ‘प्रस्तावित कामे’ हा रकाना मी सगळ्यात सावकाश वाचतो. स्वागत कमान, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, वाहनतळ, संरक्षक भिंत, आणि अलीकडे सेल्फी पॉइंट. डावीकडची नावे हाताने झाकली तर उजवीकडे कशाबद्दल चालले आहे ते ओळखू येत नाही. संताची समाधी असो, धबधबा असो की साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाचे पांढरीचे टेकाड असो, सगळ्यांच्या अंगात एकाच मापाचा सदरा.

यात कोणाचा दुष्टावा नाही. ग्रामपंचायत ठराव करते, स्थळ ‘क’ वर्गात बसते, जिल्हा नियोजन समिती निधी देते, आणि निधी मार्चअखेर खर्ची पडावा लागतो. कमान मार्चअखेर उभी राहते. वडाची सावली उभी राहायला तीस वर्षे लागतात, आणि तीस वर्षांचे मोजमाप पुस्तक कुठल्याच कार्यालयात नसते.

जिल्हाही लहानसहान नाही. १७,०४८ चौरस किलोमीटर. क्षेत्रफळात महाराष्ट्रात पहिला. चार गोवे आत बसून वर जागा उरेल. तालुके चौदा. पश्चिमेला कळसूबाईचे १,६४६ मीटरचे शिखर, जिथे पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. आणि दक्षिण-पूर्वेला कर्जत-जामखेड, जिथे पावसाळ्यात चार-चार आठवडे ढग दिसत नाही. एवढ्या पसाऱ्यात बाहेरचा माणूस येतो तो बहुतेक शिर्डीला. दर्शन घेतो, गाडी तशीच शिंगणापूरला वळवतो, शनीला तेल वाहतो आणि परततो. येण्याच्या सोयी वाढत गेल्या तसा तो आणखी लवकर परतायला लागला. १ ऑक्टोबर २०१७ला काकडीला विमानतळ सुरू झाला, डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा, फेब्रुवारी २०२३मध्ये मुंबईहून वंदे भारत. पूर्वी शिर्डीला मुक्काम पडायचा. आता मुंबईचा माणूस सकाळी निघून रात्री अंथरुणात असतो. रस्ता चांगला झाला याचे दुःख मला नाही. नगर-मनमाड रस्त्याने कंबर मोडून घेतलेला कोणीही ते करणार नाही. पण वेगवान रस्त्याने जिल्हा पाहिला जात नाही, ओलांडला जातो, एवढे तरी आराखड्याने लक्षात घ्यावे.

मला विचाराल तर या जिल्ह्याचा पर्यटन आराखडा फार पूर्वीच तयार झालेला आहे. तो प्रवरेने केला. रतनगडाच्या कुशीत उगम पावून ती पूर्वेला निघते, आणि सुमारे दोनशे किलोमीटर चालून नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळते. उगमापासून संगमापर्यंत ती एकाच जिल्ह्यात वाहते. वाटेत जंगल, धरण, धबधबा, ऋषीचा आश्रम, ऊस, ताम्रपाषाणयुगातली गावे, आणि ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो खांब. क्रम तिने लावला आहे. आपण मात्र तालुक्यांच्या हद्दींवर कात्री चालवून तिचे तुकडे वेगवेगळ्या तक्त्यांत टाकले.

सुरुवात रतनवाडीपासून करावी. अमृतेश्वराचे देऊळ हजारेक वर्षांचे. शेजारी चौकोनी पुष्करणी, तिच्या भिंतींत कोनाडे, कोनाड्यांत मूर्ती. देवळाच्या बाह्यांगावरची नक्षी इतकी गच्च की डोळा कुठे ठेवावा कळत नाही. मी खालच्या थरापासून सुरुवात करतो आणि शिखरापर्यंत जाण्याआधीच पाऊस येतो. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते, पिंडी पाण्याखाली जाते. पुजाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. देव अभिषेक करून घेतोय म्हणतो.

याच परिसरात, मेच्या शेवटी, पहिला वळीव पडून गेल्यावर काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, उंबर अशी झाडे धरून बसतात आणि सगळे झाड एका तालात उजळते, विझते. उजळणारे बहुतेक नर. मादी खाली गवतातून तेवढेच उत्तर देते. पंधरा-वीस दिवसांचा हा संसार. त्याआधी त्यांची अळी वर्षभर ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढलेली असते. म्हणजे काजवा हवा तर पालापाचोळा हवा, ओल हवी, गोगलगाय हवी, आणि या सगळ्यावर अंधार हवा. अंधार हा तिथला मुख्य माल आहे, आणि आराखड्याच्या कुठल्याही रकान्यात तो बसत नाही. हायमास्ट बसतो.

गर्दीच्या शनिवारी घाटघर-मुरशेतच्या रस्त्यावर जाऊन पाहावे. गाडीमागे गाडी, दिव्यांची लांबच लांब माळ, आणि काजवे पाहायला आलेल्यांच्या हातात मोबाईलचे दिवे. वनखात्याने प्रवेशशुल्क लावले, वेळा ठरवल्या, आवाजाला मनाई केली. त्याने थोडा आळा बसला. त्या रस्त्यावर एक ठाकराचा पोरगा मला भेटला. गळ्यात वाटाड्याचे ओळखपत्र, हातात टॉर्च, टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन बांधलेले. प्रत्येक गाडीच्या खिडकीशी वाकून तो एकच वाक्य म्हणत होता, “दादा, लाईट बंद करा, म्हंजी दिसंल.” काही जण ऐकत होते. एकाने त्याला विचारले, “मग शो किती वाजता सुरू होतो?” पोरगा हसला नाही. म्हणाला, “तुमी गप बसल्यावर.”

माझ्या हातात असते तर जिल्ह्याचा पहिला निधी मी त्या पोराला दिला असता. त्याला झाडांची नावे येतात, सादड्याच्या सालीचे औषध येते, सांदण दरीत पाणी कधी चढते ते येते, रतनगडाच्या नेढ्यातून कोणत्या बाजूला काय दिसते ते येते. हा मुलूख राघोजी भांगऱ्यांचा. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या या महादेव कोळी वीराचे देवगाव इथून जवळच. त्या पोराला वर्षभराचे वेतन मिळाले तर तो पावसाळ्यानंतर ओतूर-नारायणगावच्या मळ्यांत मजुरीला जाणार नाही. आज त्याचे पर्यटन वर्षात तीन आठवडे चालते.

भंडारदऱ्याचे धरण १९१०मध्ये बांधायला घेतले आणि १९२६मध्ये पुरे झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला दिले. दगडी भिंतीआड सुमारे अकरा टीएमसी पाणी. भिंतीखाली छत्री धबधबा आहे: धरणातून सोडलेले पाणी एका गोल खडकावरून चहूबाजूंनी पसरत पडते आणि हुबेहूब उघडलेली छत्री दिसते. लोक फोन करून विचारतात, धबधबा चालू आहे का? उत्तर पाटबंधारे खात्यावर अवलंबून. खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांना आवर्तन सुटले की इथे छत्री उघडते, आवर्तन संपले की मिटते. थोडे खाली रंधा धबधबा, घोरपडादेवीच्या शेजारी. त्याचेही उन्हाळ्यात असेच. इथल्या निसर्गसौंदर्याचे वेळापत्रक संगमनेर-राहात्याच्या उसाने ठरते. मला यात गंमत वाटते, आणि थोडी लाजही. कारण मे महिन्यात, काजव्यांच्या त्याच दिवसांत, धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत बसलेल्या असतात. अकरा टीएमसी पाणी डोळ्यांसमोर, पण ते खाली जाणारे. त्यांच्या अंगावरून पाहुण्यांच्या गाड्या तंबूंच्या मुक्कामाकडे जातात, आणि तंबूत गरम पाण्याची अंघोळ भाड्यात धरलेली असते. पर्यटनाचा आराखडा पाण्याच्या आराखड्याच्या आधी करायचाच नसतो. इथे तरी नाही.

पुढे अकोल्यात नदीकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम, सिद्धेश्वराचे कोरीव देऊळ. जरा आडवाटेला कोंभाळणे; तिथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जमवून बँक उभी केली, पद्मश्री मिळवली. पाहण्यासारखी जागा आहे, पण तिला पर्यटनस्थळ म्हणू नये, नाहीतर बियाण्यांच्या मडक्यांपुढेही कमान येईल. संगमनेरला म्हाळुंगी मिळते. मग लोणी. इथे विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन, १९५०च्या सुमारास शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. साखर कारखाना पाहायला कोण येईल असे वाटते. पण गाळप सुरू असताना, रात्री, बैलगाड्यांची रांग, मळीचा आंबूस वास आणि कोपीत चुलीवर भाकरी थापणारी ऊसतोड कामगारीण ज्याने पाहिली त्याला महाराष्ट्राचे राजकारण अर्धे समजले. बाकी अर्धे समजून घ्यायची घाई करू नये.

संगमनेरजवळ जोर्वे आहे. या गावाचे नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहे, आणि एसटीच्या पाटीवर आहे. १९५०-५१मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केले. लाल अंगावर काळी नक्षी काढलेली, तोटीची भांडी मिळाली, आणि पुढे महाराष्ट्रभर अशी भांडी जिथे जिथे निघाली त्या सगळ्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणायचे ठरले. या लोकांची एक रीत अशी की लहान मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीत पुरायचे. नेवाशाला अशी दफने सापडली, दायमाबादला सापडली. मूल घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, मेल्यावरसुद्धा.

दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्याच काठी. १९५८मध्ये बो. पु. बोपर्डीकरांनी ही जागा हेरली. १९७४मध्ये एका भिल्ल माणसाला झाडाचे बुंधे खणताना काशाच्या चार वस्तू लागल्या: गेंडा, हत्ती, रेडा आणि बैलांचा रथ. रथ ४५ सेंटिमीटर लांब, त्यात उभा असलेला माणूस १६ सेंटिमीटरचा. चारही मिळून साठ किलोंहून जास्त वजन. काळाबद्दल विद्वानांत वाद आहे, पण उत्तर हडप्पा काळापर्यंत ही वस्ती मागे जाते याबद्दल नाही. सिंधूकाठची माणसे, किंवा त्यांच्या हातची विद्या, इथवर दक्षिणेला आली होती. रथ ओढणाऱ्या बैलांची वशिंडे, सारथ्याची कमरेत किंचित वाकलेली उभी आकृती. चित्रांतसुद्धा तिच्याकडे पाहताना वाटते, हा आता ‘हो’ म्हणेल आणि बैल थांबतील.

जागेवर गेलो तेव्हा एक टेकाड होते, बाभळी होत्या, आणि पाऊस पडून गेल्यामुळे उघडी पडलेली खापरे. एक उचलले. लाल, पातळ, वर दोन काळ्या रेघा. त्यातली एक काढताना हात हललेला. ते परत जागच्या जागी ठेवत होतो तर शेजारच्या शेतातून खुरप्याचा आवाज थांबला.

“काय हरवलं का दादा?”

“नाही मावशी, बघतोय जुनं काही दिसतं का.”

“आता काय दिसायचं? सापडलं ते मुंबई-दिल्लीला नेलं.” आणि मग, खुरपे पुन्हा चालू करता करता, “आमच्या लोकांनी कुणी बघितलंच नाही ते.”

संग्रहालयातल्या वस्तू परत आणा असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही; त्या तिथे नीट आहेत. पण त्या चारही वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती तालुक्याच्या गावी, दोन खोल्यांत, तिथल्याच शाळेतल्या एखाद्या बाईंच्या देखरेखीखाली ठेवायला एका कमानीइतकाही खर्च येणार नाही. पाहुणा नंतर येवो. आधी त्या मावशीला रथ दिसू दे.

मग नेवासे. करवीरेश्वराचे मूळ देऊळ गेले, खांब उरला. शके १२१२मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०ला, ज्ञानेश्वर या खांबाला टेकून बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले अशी आपली सात शतकांची श्रद्धा. खांबावर संस्कृत लेख आहे, देवाच्या दिव्याला तेल मिळावे म्हणून दिलेल्या दानाचा. दुर्गाबाई भागवतांनी या पैसाच्या खांबावर लेख लिहिला. त्याचेच नाव घेतलेल्या ‘पैस’ या संग्रहाला १९७१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खांबाभोवती आता भव्य मंदिर आहे. शिंगणापूरहून नेवासे जवळ, तरी तिथल्या वाहनतळावरच्या शंभर गाड्यांतल्या पाच इकडे वळत असतील तर खूप. जे वळतात ते दहा मिनिटे थांबतात. करणार काय? खांब बोलत नाही. इथे पारायणे होतात, पण ती जाणत्यांसाठी; अनोळखी माणसाला हाताशी धरून अर्धा तास एक ओवी उलगडून सांगणारा कोणी असावा. कीर्तनकारांचा हा जिल्हा. इथे माणसांची वाण नाही, मानधनाची आहे.

नेवाशापुढे प्रवरासंगम. गोदावरीत प्रवरा शिरते, टोक्याला सिद्धेश्वराचे पेशवाईतले देऊळ, पलीकडे मराठवाडा. पाणी इथे जायकवाडीच्या फुगवट्याचे, त्यामुळे कुठली नदी कुठे संपली ते सांगता येत नाही. ज्या पाण्यावरून दोन्ही काठांचे लोक दर दुष्काळात कोर्टात जातात ते इथे शांतपणे एकमेकांत मिसळलेले असते.

एवढा प्रवास एका दिवसात होत नाही. तीन मुक्काम हवेत: एक जंगलात, एक संगमनेरकडे, एक नेवाशाला. आणि मुक्काम म्हटले की मला चौंडी आठवते, जिचा प्रवरेशी काही संबंध नाही. ती जामखेड तालुक्यात, सीनेच्या काठी, दुष्काळी दक्षिणेत. ३१ मे १७२५ला अहिल्याबाईंचा जन्म तिथला, आणि २०२४पासून जिल्ह्याला नाव त्यांचे. त्रिशताब्दीच्या वर्षी, ६ मे २०२५ला, राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली आणि त्यांच्या स्मृतिस्थळासाठी ६८१ कोटींच्या आराखड्याला मंजुरी मिळाली. दक्षिणेला काही मिळाले याचा आनंदच आहे. एरवी रेहेकुरीच्या काळविटांचे जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे अभयारण्य सोडले तर पर्यटनाच्या नकाशावर कर्जत-जामखेडकडे पाहतो कोण?

पण अहिल्याबाईंनी स्वतः काय बांधले? काशीला विश्वेश्वर आणि घाट, गयेला विष्णुपद, सोमनाथाला नवे देऊळ, हे सगळ्यांना पाठ असते. त्यांच्या कामांच्या यादीत याहून जास्त ओळी विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रे आणि पाणपोयांच्या आहेत. देवळाशी पोचलेल्या माणसापेक्षा वाटेवर असलेल्या माणसाचा त्यांनी अधिक विचार केला. महेश्वरला नर्मदेकाठी त्यांची राजधानी. त्या नदीची परिक्रमा आजही लोक पायी करतात, आणि काठची गरीब गावे त्यांना पिठलेभाकरी घालतात. अठराव्या शतकात हिंदुस्थानभरच्या यात्रेकरूची तहान, भूक आणि रात्र यांची सोय पाहणारी ही बाई आमच्या जिल्ह्याची. तिच्या नावाच्या जिल्ह्यात पर्यटनाचे काम कमानीपासून सुरू व्हावे, हे मला पटत नाही.

म्हणून जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना एक विनंती. पुढच्या आराखड्यात प्रवरेला एकच अनुक्रमांक द्या. तिच्या काठाने दर काही कोसांवर झाडाखालचा पार, पिण्याचे पाणी, बायकांसाठी कडी लागणारे आणि पाणी असणारे स्वच्छतागृह, आणि पगारावरचा एक स्थानिक वाटाड्या, इतके चार वर्षांत उभे राहू शकते. रतनवाडी ते घाटघर पट्ट्यात एकही नवा दिवा नको, तसा ठरावच करा. आणि वरच्या वाड्यांना नळ येईपर्यंत नव्या तंबूंना परवानगी देऊ नका.

वाचकहो, तुम्ही शिर्डीला येणारच आहात, तर एक रात्र वाढवा आणि नेवाशाला जा. मेमध्ये भंडारदऱ्याला आलात तर अंघोळ एका बादलीत उरका. गावाला पाणी देणारा टँकर तुमच्याच गाडीमागे घाट चढत असतो.